तरुण माणूस अटॅकने गेला की त्याच्या भावंडांचं रक्त कोण तपासणार?

२०२५ च्या जूनमध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा आमच्या बेळगावात, निपाणीत, खानापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच विषय होता, चाळीसेक दिवसांत वीसच्या वर माणसं हार्ट अटॅकने गेली आणि त्यात तरुण पोरंही आहेत. बेंगळुरू आणि म्हैसूरच्या जयदेव ह्या हृदयाच्या सरकारी हॉस्पिटलसमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. कोण म्हणालं कोविडची लस, कोण म्हणालं जिम, कोण म्हणालं बाहेरचं खाणं. सरकारने समिती नेमली, समितीने सांगितलं की नेहमीपेक्षा वेगळी काही लाट आलेली नाही. आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, तर त्याच्या आधीच १८ ते ४५ वयाच्या, अचानक गेलेल्या ७२९ जणांचा अभ्यास केला होता, त्यात लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. ज्या गोष्टींमुळे धोका वाढलेला दिसला त्यात कोविडमुळे हॉस्पिटलात राहिलेलं असणं, एकाच वेळी भरपूर दारू पिणं, अंगावर येईल इतका व्यायाम हे होतं, आणि आणखी एक होतं, घरात आधी कोणीतरी असंच अचानक गेलेलं असणं.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर कोणी थांबलंच नाही. लसीवर महिनाभर भांडण झालं, घराण्यावर कोण बोललं नाही.

नंतर कर्नाटक सरकारने जाहीर केलं की हॉस्पिटलच्या बाहेर अचानक मृत्यू झाला तर तो कळवायचा आणि पोस्टमॉर्टेम करायचं. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण पोस्टमॉर्टेम गेलेल्या माणसाचं होतं. त्याचा पाठचा भाऊ, त्याची लग्न झालेली बहीण, त्याची शाळेत जाणारी पोरं, ती सगळी तिथेच असतात ना, त्यांना कोण बोलावतं? माझं म्हणणं एवढंच आहे की पुरुष पंचावन्नच्या आत आणि बाई साठीच्या आत हृदयविकाराने गेली किंवा वाचली तरीसुद्धा, त्या माणसाच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांची कोलेस्टेरॉल तपासणी आणि एक ईसीजी सरकारने स्वतःहून, घरी येऊन, फुकट करायला पाहिजे. त्यांनी मागायची वाट बघायची नाही.

हे मी का म्हणते त्याच्यामागे पेशींवरचं एक फार सुंदर संशोधन आहे आणि ते आपल्याकडे डॉक्टर लोक सोडले तर कोणाला माहीतच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन हे दोघे बोस्टनच्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर असताना दोस्त झाले आणि पुढे टेक्सासमधल्या डॅलसला एकत्र काम करायला लागले. त्यांच्या पाहण्यात अशी लहान मुलं आली होती ज्यांचं कोलेस्टेरॉल सहाशे ते हजारच्या घरात, जन्मापासूनच, आणि ज्यांना शाळेच्या वयात अटॅक येतो. आता सहा-सात वर्षांच्या पोराने असं काय खाल्लं असणार, सिगारेट ओढली असणार का? तेव्हा बाकीचे लोक आहाराकडे, रक्तवाहिन्यांकडे बघत होते, ह्या दोघांनी पेशीकडे बघितलं. अशा पेशंटच्या कातडीचा बारीक तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायच्या, आणि निरोगी माणसाच्या पेशींशेजारी ठेवून बघायचं की फरक नेमका कुठे आहे.

निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, मिळालं की त्या स्वतः कोलेस्टेरॉल बनवायचं थांबवतात, बाहेरचं काढून घेतलं की परत बनवायला लागतात. ह्या आजारी मुलांच्या पेशी मात्र बाहेर कितीही एलडीएल असू दे, बनवतच राहायच्या. मग दोन शक्यता उरतात, एकतर पेशीच्या आतली थांबवायची यंत्रणा बिघडलीय, नाहीतर बाहेरचं एलडीएल आत येतच नाहीये. त्यांनी काय केलं, कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट पेशींना दिलं, एलडीएल मध्ये नाहीच, आणि लगेच त्याच पेशींनी बनवणं थांबवलं! म्हणजे आतलं सगळं ठीक होतं, आत घेण्यातच दोष होता. मग किरणोत्सारी आयोडीन लावलेलं एलडीएल वापरून त्यांनी दाखवलं की निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर ते जाऊन चिकटतं आणि ह्या मुलांच्या पेशींवर चिकटतच नाही. १९७३-७४ साली असा एलडीएल रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा एलडीएल पकडणारा हात, सापडला आणि १९८५ साली दोघांना नोबेल मिळालं. पेशी बाहेरची वस्तू रिसेप्टरने पकडून पृष्ठभागाच्या एका खळग्यातून आत ओढते, रिसेप्टर परत वर येतो, साधारण दहा मिनिटांत एक फेरी, हे सगळं कळलं ते ह्याच कामातून.

बेळगावच्या एपीएमसी यार्डात भाजीच्या गाड्या रात्रीच येऊन उभ्या आहेत आणि हमालच निम्मे आलेत असं समजा, माल खराब नाही, ड्रायव्हरची चूक नाही, तरी रस्ता जाम. रिसेप्टर बनवणाऱ्या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून, त्यातली एक बिघडलेली असली की लिव्हरच्या पेशींवर चालणारे रिसेप्टर निम्मे, एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि धमनीच्या भिंतीत साचायला लागतं, तेसुद्धा चाळीशीत नाही, जन्मल्यापासून. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की जवळजवळ नाहीतच, ती वर सांगितलेली लहान मुलं.

एक प्रत बिघडलेली माणसं किती असतात? जगभरात साधारण २५० ते ३०० जणांत एक. म्हणजे तीन-चार हजार वस्तीच्या गावात दहा-बारा माणसं, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नाही. दुखत नाही, खुपत नाही. काहींच्या टाचेच्या मागच्या शिरेवर जाड गाठ येते, काहींच्या डोळ्यांच्या पापण्यांवर पिवळसर चट्टे येतात, बाकीच्यांना काहीच दिसत नाही. औषध घेतलं नाही तर अशा पुरुषांतल्या जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयाचा त्रास होतो. आणि मग आम्ही म्हणतो, अहो एवढा फिट होता की हो, रोज पहाटे पळायला जायचा, सुपारीचं खांडसुद्धा खात नव्हता. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळे गावागावांत भरतीसाठी पळणारी पोरं आहेत, पळणारा म्हणजे हृदय चांगलंच असणार असं आम्ही धरूनच चालतो. पळण्याने रिसेप्टर वाढत नाहीत.

हा दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला, प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. निम्मी! लॉटरीचं तिकीट नाही हे. एका घरात एक सापडला की बाकीचे शोधायला मोठं मशीन लागत नाही, साधी लिपिड प्रोफाईल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, लागते.

आता आमच्या भागाबद्दल एक गोष्ट बोलायलाच पाहिजे, कोणाला राग आला तरी. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज ह्या सगळ्या पट्ट्यात मामाच्या पोरीशी, आत्याच्या पोराशी लग्न करायची रीत आहे, आणि काही समाजांत सख्ख्या मामा-भाचीचंही लग्न होतं. जमीन घरात राहते, पोरगी ओळखीच्या घरात जाते, सासू म्हणजे आत्याच, त्यामुळे जाच कमी, ह्या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि मी काय कोणाच्या घराण्याला नावं ठेवायला बसलेली नाही. पण एकाच आजी-आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी एकाच लेकराच्या वाट्याला यायची शक्यता अशा लग्नात वाढते. बैरूतच्या अवेदिस खचादूरियन ह्या डॉक्टरांनी लेबनॉनमधल्या अशाच नात्यात लग्न होणाऱ्या घराण्यांचा अभ्यास करून १९६४ साली दाखवलं की एक प्रत बिघडली की कोलेस्टेरॉल अमुक वाढतं आणि दोन बिघडल्या की त्याच्या कितीतरी वर जातं, रिसेप्टर सापडायच्या आधी जवळपास दहा वर्षं. ब्राऊन-गोल्डस्टाइनच्या कामाला आधार होता तो अशाच गावांतल्या अशाच कुटुंबांचा. म्हणून मला वाटतं की आमच्यासारख्या भागात हा विषय बाकीच्या राज्यापेक्षा आधी यायला पाहिजे. लग्न मोडा म्हणत नाही, लग्नाच्या आधी पत्रिका बघतो तसं दोन्ही घरात कोण कितव्या वर्षी गेलं हे विचारा आणि दोघांचं रक्त तपासा, एवढंच.

औषधाचं काय, तर औषध आहे आणि जुनं आहे. जपानमधले अकिरा एन्डो ह्यांनी सहा हजारांवर बुरशी तपासून १९७३ च्या सुमाराला एक पदार्थ शोधला जो पेशीचं कोलेस्टेरॉल बनवणं रोखतो, त्यातून पुढे स्टॅटिनची गोळी आली, १९८७ साली अमेरिकेत पहिली बाजारात आली. गंमत म्हणजे ती गोळी काम कशी करते ते ब्राऊन-गोल्डस्टाइनमुळेच समजलं, लिव्हरच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की ती पेशी स्वतःहून जास्त रिसेप्टर वर पाठवते. म्हणजे एक प्रत चांगली आहे तिच्याकडून जादा काम करून घ्यायचं. आज ही गोळी जनऔषधी केंद्रात अगदी कमी पैशांत मिळते.

नेदरलँड्समध्ये असा दोष असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू केलं आणि वीस वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१९ साली निकाल छापून आला. एकोणचाळीस वर्षं वयापर्यंत ह्या मुलांपैकी एका टक्क्याला हृदयविकाराचा त्रास झाला, त्यांच्याच आईवडिलांपैकी, ज्यांना हा दोष होता पण लहानपणी गोळी नव्हती, त्यांच्यात त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना. तोच जीन, तेच घर. एका पिढीत एवढा फरक पडलेला मी दुसऱ्या कुठल्या आजारात फारसा बघितलेला नाही.

पण आमच्याकडे गोळीचं नाव काढलं की लगेच सुरू, "कशाला घाबरूलास, लिव्हर जातंय त्याने, एकदा सुरू केलं की सुटत नाही, लसूण खा." मी असं म्हणणार नाही की त्रास कोणालाच होत नाही, थोड्या लोकांना स्नायूंचा त्रास होतो, क्वचित गंभीरही होतो, डोस बदलावा लागतो, पोटात बाळ असताना सहसा देत नाहीत, म्हणून डॉक्टर पाहिजेच. पण लंडनमध्ये एक प्रयोग झाला, २०२० साली छापला, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या साठ लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. भीतीनेच अंग दुखतं. ही भीती पसरवणारा मेसेज पुढे ढकलताना माणसाने दोन मिनिटं विचार करावा, ज्याच्या घरात बाप बेचाळीसाव्या वर्षी गेलाय त्याच्या मोबाईलवर तो मेसेज जातोय.

दुसरा आक्षेप मला जास्त पटण्यासारखा वाटतो. अटॅक येणाऱ्या बहुतेकांना हा जीनचा दोष नसतोच, तंबाखू, बीपी, शुगर हीच मोठी कारणं. खरं आहे. निपाणीचा सगळा पट्टा तंबाखूवर उभा, विडीवर बायकांनी घरं चालवली, आणि आमच्याकडे मिसरी लावणाऱ्या बायका, चुना मळणारे पुरुष घरटी आहेत. २००४ साली ५२ देशांचा इंटरहार्ट अभ्यास आला त्यातही हेच निघालं की नऊ साध्या कारणांत नव्वद टक्के धोका येतो, आणि दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. मग घराण्यामागे कशाला लागायचं? कारण तंबाखू सोडा हे सगळ्या गावाला सांगावं लागतं आणि त्यातले थोडे ऐकतात, पण ज्या घरात नुकताच तरुण माणूस गेलाय त्या घरातला प्रत्येक जण त्या महिन्यात ऐकायला तयार असतो. तपासणीत जीनचा दोष नाही निघाला तरी बीपी निघेल, शुगर निघेल, विडी ओढणारा भाऊ सापडेल, ईसीजीत कोणाच्या हृदयाच्या स्नायूचा दोष सापडेल. फुकट जाणारी तपासणी नाही ही.

यंत्रणा नवीन उभी करावी लागत नाही, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म भरते त्यात प्रश्न आहेच, आईवडील भावंडांत कोणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का. हो म्हटलं की दोन गुण. त्या गुणांची बेरीज होते आणि पुढे बीपी, शुगर आणि कॅन्सरची तपासणी होते, कोलेस्टेरॉल त्यात नाही. आणि तिशीच्या आतल्या भावाला तर कोण विचारतच नाही, जेव्हा त्यालाच विचारायला पाहिजे. गृह आरोग्य योजनेत आता घरोघरी जातात, त्यातही वय तिशीच्या वरच. कर्नाटकात पुनीत राजकुमार ह्यांच्या नावाने हृदय ज्योती योजना आली, तालुका हॉस्पिटलात ईसीजी काढून लांबच्या तज्ज्ञांना दाखवतात आणि गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन फुकट देतात. फार चांगली योजना, त्याने माणसं वाचतायत. पण तिथे ज्याला इंजेक्शन दिलं, त्याचं वय जर चाळीस असेल तर त्याच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ का असू नये, ह्याच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करा, आणि ती ओळ गावच्या आशाताईंच्या यादीत का जाऊ नये?

लॅबवाल्यांनीही. तरुण पोराचा नोकरीच्या मेडिकलचा रिपोर्ट येतो, एलडीएल २१०, बाजूला जास्त असल्याची खूण, बाकी काही नाही. पोरगा बघतो हिमोग्लोबिन, शुगर नॉर्मल आहे, रिपोर्ट फाईलला लावतो, विषय संपला. एलडीएल १९० च्या वर गेलं की घराण्याचा दोष असू शकतो, हा जगभर मानलेला आकडा आहे. त्या रिपोर्टखाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन ओळी छापायला किती शाई लागते?

आणि गावपातळीवर हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. २००२ ते २००५ ह्या काळात आमच्याच बेळगाव जिल्ह्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून १६२० बायकांवर अभ्यास केला, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलची साधी गोळी चालते का. गोळी देणाऱ्या कोण होत्या, तर गावच्या एएनएम सिस्टर. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, २००६ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि जिथे डॉक्टर नाही, फ्रीज नाही तिथे ही गोळी द्यावी असं आज जगभर मानतात त्यात आमच्या गावांतल्या बायकांचा वाटा आहे. त्यांची कुठे पाटी नाही, पुतळा नाही, आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीतही नसेल. ज्या जिल्ह्याने हे केलं त्याला एका घरातल्या पाच-सहा माणसांचं रक्त गोळा करता येत नाही? नेदरलँड्समध्ये १९९४ पासून नर्स घरी जाऊन नातेवाईकांचं रक्त घ्यायच्या, वीस वर्षांत अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं अशी सापडली.

आमची एक अडचण मात्र डच लोकांना नव्हती. आमचं घराणं दोन राज्यांत आहे. येळ्ळूरची बहीण चंदगडला दिलेली, बेळगुंदीचा मामा गडहिंग्लजला, धाकटा भाऊ कोल्हापुरात नोकरीला. शिनोळी ओलांडलं की आरोग्य खातं वेगळं, आशाताईंची यादी वेगळी, कार्ड वेगळं. २०२३ साली महाराष्ट्राने महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटक सरकारने त्याला जोरदार विरोध केला, आणि आम्ही परत त्याच वादात, कोण आमचं कोण परकं. सीमाप्रश्नावर माझी मतं आहेत आणि ती लपवायचं कारण नाही, आमच्या पिढ्या त्यात गेल्या. पण त्या निकालाची वाट बघत पस्तीस वर्षांच्या पोराची धमनी थांबत नाही. बेळगाव आणि कोल्हापूरच्या दोन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवड्याला एकमेकांना एक यादी पाठवायची, ह्या माणसाला कमी वयात अटॅक आलाय, त्याची बहीण तुमच्या अमुक गावात आहे, बघून घ्या, एवढं करायला कोर्टाचा निकाल लागत नाही, दोन्ही विधानसभांत ठराव लागत नाही. माणसांची परवानगी घ्या, माहिती बाहेर फुटणार नाही ह्याची काळजी घ्या, कारण पोरीच्या घराण्यात हार्टचा दोष आहे म्हणून सोयरीक मोडायला आमचे लोक मागेपुढे बघणार नाहीत, ही भीती खरी आहे आणि म्हणूनच हे काम आशाताई आणि सिस्टर ह्यांच्याकडेच पाहिजे, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नावं लावून करायचं काम नाही.

सुरुवात खानापूर आणि चंदगड ह्या दोन तालुक्यांनी करावी, दोन्ही तालुक्यांची एकमेकांत इतकी नाती आहेत की एका वर्षात कळेल यादी पोचते की नाही. मागच्या वर्षभरात कमी वयात अटॅक आलेल्या लोकांची नावं तालुका हॉस्पिटलात आणि खाजगी दवाखान्यांत आहेतच, ती घेऊन आशाताईंनी घरी जायचं, ज्यांच्या घरात उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं की माणसं टाळतात त्यांना सांगायचं की कोलेस्टेरॉलच्या पहिल्या तपासणीला बहुतेक वेळा उपाशी राहायची गरज नसते, चहा पिऊन या, पण या.